मागच्या खुर्चीतले खाकरणे

संपादकांनी माझ्याकडे शिक्षिका घडविताना आलेले गोड अनुभव मागितले आहेत. गोड अनुभव माझ्यापाशी पुष्कळ आहेत. पण त्यांना कधी कोणी विरोध केला नाही, म्हणून ते लिहून ठेवण्याची घाईही नाही. मला लिहायचे आहे ते ज्याला विरोध झाला त्याविषयी. वाशीमच्या बाजारात आजही एखादा वयस्क गृहस्थ मला पाहून शेजाऱ्याच्या कानाशी लागतो आणि म्हणतो, "ह्याच त्या बाई. बायकांले सासऱ्याच्या नकला शिकवत होत्या." आपण हळू बोललो असे त्याला वाटते. माझे कान कवितेवर वाढलेले आहेत. कुजबुजीतले लघुगुरूही त्यांना ऐकू येतात. त्या गृहस्थाला माझे उत्तर आहे: होय, शिकवत होते. का, ते सांगते.

गोष्ट परवाच्या महायुद्धापूर्वीची. वाशीमच्या काही मंडळींनी स्त्रियांसाठी शिक्षिकेचा वर्ग काढला होता. जागा एका कापूस-व्यापाऱ्याच्या रिकाम्या गोदामात. भिंतींत सरकीचा तेलकट, किंचित गोड वास मुरलेला होता; पावसाळी हवेत तो जागा होई आणि आमच्या लुगड्यांना, पुस्तकांना, खडूलासुद्धा लागे. विद्यार्थिनी बहुधा विधवा, किंवा नवऱ्याने टाकलेल्या, क्वचित स्वतःच घर सोडून आलेल्या. मी त्यांना मराठी आणि कवितावाचन शिकवी आणि गोदामामागच्या चाळीत त्यांचे वसतिगृह सांभाळी.

बाहेरच्या वाचकासाठी आमचा व्यवसाय थोडक्यात सांगते. शिक्षिका होणारीला लहान मुलांच्या खऱ्याखुऱ्या वर्गासमोर उभे राहून 'पाठ' द्यावा लागतो. काय विचारायचे, फळ्यावर काय काढायचे, याचे टाचण आधी करायचे आणि मग ते बाजूला ठेवून बोलायचे. वर्गाच्या अगदी मागे, भिंतीला टेकून, एक खुर्ची असते. तिच्यावर परीक्षक बसतो. मुले पुढे, खुर्ची मागे, आणि शिकवणारीला दोघांकडे एकाच वेळी पाहायचे. वर्षभर असे सरावपाठ होत आणि अखेरीस अकोल्याहून आलेल्या सरकारी साहेबांसमोर शेवटचा पाठ. त्यात तोंड उघडले तर नोकरी, मिटले तर जेथून आलो तेथे परत.

कित्येक स्त्रियांची तोंडे मिटत. काहींना त्या खुर्चीच्या धाकाने घेरी येई. काही जेवण टाकीत. काही दिवसदिवस भिंतीकडे पाहत बसत. या दुखण्याला आमच्या संस्थेत दोनच नावे होती. बाई गरीब घरची असली तर बाधा आणि सुखवस्तू घरची असली तर नखरे. मी नोकरीला लागले त्या वर्षी सुंद्रा नावाच्या विद्यार्थिनीचे बोलणे विस्कटले. मी विद्यार्थिनींच्या सहलीहून परत आले तोवर संस्थेच्या चिटणिसांनी तिच्या भावाला बोलावून तिला बैलबंडीत घालून कुठल्याशा देवऋषीकडे रवानाही केले होते. पुढे एकदा ती मला बाजारात दिसली. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावरून, भोपळ्यांवरून, मिरच्यांच्या ढिगावरून सारख्याच गतीने सरकत गेली. त्या दिवशी मी मनाशी ठरविले की यानंतर कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यात डॉक्टर हबीब आले. उंच, जरासे वाकलेले, हातांना कार्बोलिकचा वास आणि शेरवानीला वाळ्याच्या अत्तराचा. आमच्या बायकांना देवी टोचायला ते प्रथम आले, तेव्हा गणिताच्या परीक्षेच्या दिवशी हमखास पोट दुखणारी एक विद्यार्थिनी मी त्यांच्यापुढे उभी केली. त्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, चार प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईसाहेब, पोट चांगलं आहे, गणितात कच्चं आहे. तुमी गणित शिकवा, मी पोट सांभाळतो."

मी हसले. मग सुंद्राची हकीकत त्यांना सांगितली.

"कोयनेल आणि पागलखाना," ते म्हणाले, "या दोघांच्या मधात सरकारनं काहीच ठेवलेलं नाही. माणूस तर मधातच जास्त राहतो. मंगळवारी गर्दी कमी असते. पोरी घेऊन या."

असा आमचा मंगळवार सुरू झाला. दुपारी दवाखान्याची रांग ओसरली की मी दोघीतिघींना घेऊन बायकांच्या पडवीत जाऊन बसे. पडवीला बारदानाचा पडदा होता. डॉक्टर प्रकृती पाहत, झोप-भूक विचारीत, कधी लोहाचे औषध देत. पण मुख्य औषध म्हणजे बोलणे. जे शाळेत कळे ते मी त्यांना सांगे; जे दवाखान्यात कळे ते, त्या विद्यार्थिनीची संमती असेल तेवढेच, ते मला सांगत. ही अट त्यांची होती. चिटणिसांना आम्ही याचे नाव प्रकृतितपासणी असे सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते.

पुढच्या जूनमध्ये इंझोरीहून पुंजाजी माळी आपल्या मुलीला घेऊन आला. डोक्यावर वांग्यांची पाटी, मागे एक सावळी, ताठ मानेची तरुणी.

"बाई, ही माही गोकर्णा. सासरहून निघून आली. दुसरा पाट लावून देतो म्हणलं, तं नाही म्हणते. शिकीन म्हणते. घ्या बरं शिकवून."

"आणि वांगी कशाला, पुंजाजी?"

"वावरातली हायेत. पोरगी नाही टिकली तं निदान वांगी तं तुमच्या कामी येतील." मग मुलीला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "नापास झाली तं माणूस पाहून ठेवला आहे मी. बिजवर आहे, पण मळा आहे त्याचा."

गोकर्णा म्हणाली, "मळ्यालेच पाट लावा मंग, बाबा."

पुंजाजीने माझ्याकडे असे पाहिले, की पाहा, हे असे आहे. मला ती तेव्हाच आवडली.

तिचा आवाज मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकला. वसतिगृहात दळणाची पाळी असे. तिने जात्याचा खुंटा धरला आणि ओवी उचलली. घागर भरत येताना पाण्याचा सूर जसा पायरीपायरीने वर चढतो तसा तो आवाज होता: तळाशी खोल आणि काठाशी येताच उजळ. मी तिला कवितेचे वृत्त समजावून सांगू लागले, तर तिने ते आधीच मानेने धरलेले. आमच्या वर्गात इतकी चांगली शिक्षिका कोणी होणार नाही, असे मी त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगितले.

मग तिचा पहिला सरावपाठ आला. विषय शेतातली पिके. तो तिने झोपेतही शिकवला असता. आमच्या गोदामातच भरणाऱ्या मुलांच्या सराव शाळेचे हेडमास्तर, सत्तरीला टेकलेले सज्जन गृहस्थ, दाराशी आले, रिवाजाप्रमाणे घसा खाकरला आणि मागच्या खुर्चीत बसले. गोकर्णाने तोंड उघडले. ओठ हलले, आवाज नाही. तिने फळ्यावर कणीस काढले, सुरेख काढले, मुलांकडे वळली, पुन्हा ओठ हलले. पहिल्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाई बोलूनच नाही राह्यल्या!" आणि सारा वर्ग हसला.

संध्याकाळी ती विहिरीवर नेहमीसारखी बोलत होती.

"घसा दुखतो का, गोकर्णा?"

"नाही बाई. घसा जागीच आहे. आवाजच निघून जाते. कुठी जाते, मले काय मालूम."

दुसऱ्या पाठाला तेच झाले आणि तिसऱ्यालाही. चिटणिसांनी मला बोलावून घेतले. ते वाशीमच्या कोर्टात वकिली करीत. बोलताना समोर न्यायाधीश बसला आहे अशा थाटाने बोलत.

"बाई, या मुलीविषयी गावात बोलले जाते आहे. डॉक्टरांनी ती वेडसर आहे असे एकदा सांगून टाकावे, म्हणजे जागा मोकळी होईल. नाहीतर तिच्या बापाने तिला कोणा जाणत्याकडे न्यावे. संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"ती वेडसर नाही."

"मग लबाड आहे. दोहोंपैकी एक निवडा."

"मी तिसरे निवडते. ती आजारी आहे आणि बरी होईल."

"कधी?"

"साहेबांच्या पाठाआधी."

ते हसले. वकिलांचे हसणे मला कधी ऐकवत नाही. त्याला यती नसते, श्वास घ्यायची जागाच नसते. "ठीक. साहेबांसमोर ती बोलली नाही, तर ती घरी जाईल आणि तुमच्या त्या मंगळवारालाही मी कुलूप लावीन. तपासणी म्हणता ना? तपासणी वर्षातून एकदा पुरते."

मंगळवारी मी तिला पडवीत नेले. डॉक्टर आत कोणाच्या तरी हाताला पट्टी बांधीत होते. आम्ही वाट पाहत बसलो आणि गोकर्णा मला इंझोरीच्या मळ्यातली हकीकत सांगू लागली. मेथीत शिरलेल्या म्हशीला तिच्या आईने मोट ओढायला कसे जुंपले, असे काहीसे. ती हातवारे करीत, म्हशीचा आवाज काढीत सांगत होती. पडद्यापलीकडे डॉक्टर आले आणि नेहमीप्रमाणे खाकरले. बायकांच्या पडवीत शिरण्याआधी ते नेहमीच खाकरत.

म्हैस अर्ध्यावर थांबली. गोकर्णाचे ओठ हलत होते. आवाज गेला होता.

मी तिच्याकडे पाहिले आणि मग पडद्याकडे. डॉक्टर पडदा सारून आत आले होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसले कोण जाणे. ते उलट पावली बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आवाज परत आल्यावर गोकर्णाने माझा हात धरला. तिचा तळवा ओल्या मातीसारखा गार होता.

"बाई, हे तं तुमाले आज समजलं. मले पहिल्या पाठालेच समजलं होतं."

"मग सांगितले का नाही?"

"कसं सांगू? खाकरलं म्हून आवाज गेला, असं कोनाले सांगितलं तं हसतील."

"मी हसले का?"

तिने मान हलवली आणि मग जे सांगितले ते तिच्याच संमतीने येथे लिहिते आहे. नाव मात्र मी बदलले आहे, पुंजाजीचेही.

"सुगीचे दिवस होते, बाई. समदे वावरात. घरी मी, मांडीवरचं लेकरू आन् मामंजी. लेकराचं आंग तव्यावानी तापलं. डोळे वर करून राह्यलं. मामंजी वसरीवर बसले होते. बंडी आंगणात, बैल दावणीले. आमच्यात सासऱ्यासंग बोलाची रीत नाही. मी दाराआड उभी राह्यली. बांगड्या वाजवल्या. कडी वाजवली. त्यायनं मान वळवली नाही, नुसतं खाकरलं. म्हंजे, आत हो. मी आत झाली. पुन्हा आली. पुन्हा खाकरलं. सासूबाई दिवस बुडाल्यावर वावरातून आल्या, तवा कुठी मी तोंड उघडलं. तवा सांगून काय उपयोग होता, बाई?"

बारदानाच्या जाळीतून उन्हाचे बारीक चौकोन तिच्या पदरावर पडले होते. ती ते एकेक बोटाने झाकीत होती.

"सासरे दुष्ट होते का?"

"नाही वो. हेच तं आहे ना. त्यायले वाटलं, सून दारात आली, तिची लाज राखावं, म्हून खाकरलं. त्यायची रीत त्यायनं केली, माही रीत मी केली." चौकोनावरचे बोट उचलून ती म्हणाली, "मी बोलली असती तं काय झालं असतं? मारलं असतं? मारू द्याचं होतं."

डॉक्टरांना मी तिच्या परवानगीने हे सांगितले, तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि शेरवानीची वरची गुंडी त्यांनी उगाच काढून पुन्हा लावली.

"माझ्या वालिदसाहेबांनी लहानपणी शिकवलं," ते म्हणाले, "जनान्याच्या दाराशी खाकरल्याशिवाय पाऊल टाकू नको. सारी उमर मी ते इज्जत म्हणून केलं. आणि पडद्याच्या इकडे ते हुकूम म्हणून ऐकू येत होतं काय?"

माझा उपाय सोपा होता. मी म्हणाले, सराव शाळेत सूचना देऊ, की गोकर्णाच्या पाठाला कोणी खाकरू नये.

"मुलखातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या घशाला पट्टी बांधणार काय, बाईसाहेब? ती ज्या गावात शिकवील तिथं पाटील असेल, पटवारी असेल. खाकरणं बंद नाही होत. तिचं थांबणं बंद झालं पाहिजे."

त्यांनी गोकर्णालाच विचारले. ती म्हणाली, "तुमी खाकरा, डाक्तरसाहेब. मी पाहतो काय होते ते." आमच्याकडे बायकाही असे 'पाहतो' म्हणतात, त्या दिवशी ते मला फार शोभून दिसले.

पुढचे कित्येक मंगळवार दवाखान्यात जे चालले, ते कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात मी वाचलेले नाही. आधी मी खाकरे आणि गोकर्णा बोलत राही. मग डॉक्टर लांब, औषधांच्या खोलीतून. मग अंगणातून. मग पडद्याशी. आवाज थांबला की आम्ही तेथेच थांबत असू. कोणी घाई करीत नसे, कोणी वाहवाही करीत नसे. म्हैस पुन्हा पहिल्यापासून मेथीत शिरे. बाहेर बसलेल्या रोग्यांना हा प्रकार अजब वाटे. एक म्हातारी न राहवून म्हणाली, "काय वो डाक्तर, तुमालेच खोकला झाला, मंग आमी कोणाकडं जावं?"

"माझा खोकला ही पोरगी बरा करून राह्यली, माय," डॉक्टर म्हणाले.

पण दवाखाना आठवड्यातून एकदाच आणि खुर्ची तर रोज आमच्याच गोदामात. म्हणून औषधाचा अर्धा भाग शाळेने द्यायचा, असे आम्ही ठरविले. शनिवारी दुपारी मी वर्ग बंद करून एक खुर्ची मागच्या भिंतीशी ठेवली आणि बायकांना म्हणाले, "एकेकीने येथे बसायचे आणि आपापल्या सासऱ्यासारखे खाकरायचे."

मग यमुना नावाची एक जाडजूड विधवा उठली, खुर्चीत मांड्या फाकून बसली, नसलेल्या मिशीवर हात फिरवला आणि असा आवाज काढला की छपरातल्या चिमण्या उडाल्या. "माह्या सासऱ्याचं म्हंजे वंगण नसलेलं बंडीचं चाक!" मग काय विचारता! एकीचा सासरा हुक्का पिऊन खाकरे, तर दुसरीचा आधी तीन वेळा नाक शिंकरे. एकीचा इतका हळू खाकरे की सासूला ते ऐकूच येत नसे आणि दोघांची भांडणे होत. बायका भिंतीला धरून हसत होत्या. गोकर्णा फळ्याशी उभी राहून पिकांचा पाठ देत होती, थांबत होती, हसत होती, पुन्हा देत होती.

मग कोपऱ्यातली एक नेहमी गप्प असणारी स्त्री खुर्चीवर येऊन बसली. ती काहीच करीना. यमुनाने तिला डिवचले, "खाकर ना वो!"

ती म्हणाली, "माहा सासरा खाकरत नव्हता. तो न खाकरताच आत येत होता."

हसणे जागच्या जागी विझले. यमुनाने खुर्चीतून तिला उठवले आणि आपल्याजवळ घेऊन बसली. पुढला मंगळवार मी त्या स्त्रीसाठी ठेवला, त्याच्या पुढचाही. वर्ष संपण्याआधी तिच्या घरचे तिला घेऊन गेले. तिच्यासाठी मंगळवार पुरे पडले नाहीत. ही सल मी येथे लिहून ठेवते, कारण जिंकलेल्या गोष्टी सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

शनिवारची वार्ता चिटणिसांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही.

"आपण विद्यार्थिनींना वडीलधाऱ्यांची टवाळी शिकवता?"

"होय."

त्यांनी माझ्या नकाराची तयारी केली होती. होकारापुढे त्यांचा युक्तिवाद अडखळला. "हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे?"

"आवाज. तोंड उघडल्याशिवाय शिक्षिका शिकवू शकत नाही, हे अभ्यासक्रमाचे पहिले पान आहे, साहेब. ते छापायचे राहून गेले आहे."

"साहेबांच्या पाठाला मी स्वतः हजर राहीन," ते म्हणाले. ती धमकी होती आणि मी ती पदरात बांधून घेतली.

शेवटच्या पाठाच्या दिवशी साहेब सकाळच्या गाडीने आले. मितभाषी, चष्मा सारखा पुसणारे गृहस्थ. पाठाचे विषय तेच ऐनवेळी देत. गोकर्णाला त्यांनी आरोग्याचा विषय दिला: ताप आल्यास काय करावे.

विषय बदलून मागण्याचा मला हक्क होता. मी गोकर्णाकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी. नको.

तिने अर्ध्या तासात टाचण केले आणि वर्गात गेली. मी खिडकीशी उभी होते. साहेब मागच्या खुर्चीत. आवाज स्वच्छ निघाला. घागर भरू लागली. ताप कशाने येतो, अंग हाताला कसे लागते, पाणी कोणते द्यावे. मुले बोटे वर करीत होती. आणि मग दाराशी चिटणीस आले. मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. ती त्यांचीही रीतच होती. ते उंबऱ्यावर थांबले आणि भरभक्कम खाकरले.

आवाज थांबला.

सरकीचा वास एकाएकी दाट झाला. खडूची एक कणी फळ्यावरून निसटली, ती जमिनीवर पडल्याचेही मला ऐकू आले. गोकर्णाचे ओठ हलले. चिटणीस जाऊन साहेबांच्या शेजारी बसले आणि माझ्याकडे, खिडकीकडे, त्यांनी एकदा पाहिले. पहिल्या रांगेतली तीच मुलगी हळूच शेजारणीला काही सांगू लागली. मी खिडकीचा गज धरला होता. तो तापलेला होता, हे मला हात भाजल्यावर कळले.

मग गोकर्णाने डोक्यावरचा पदर किंचित मागे सारला आणि ती खाकरली. चांगली मोठ्याने, घसा मोकळा करून, वर्गाच्या या टोकापासून मागच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल अशी. आमच्या भागात कोणी बाई चार माणसांत अशी खाकरलेली मी तोपर्यंत ऐकलेली नव्हती. साहेबांनी चष्मा पुसायचा थांबवला.

"तं मंग, लेकरांनो," गोकर्णा म्हणाली, आणि शिकलेली भाषा तिच्या अंगावरून शालीसारखी घसरून पडली, "घरात कोनाले ताप आला तं पह्यले काय कराचं?"

"पाणी द्याचं!" "पट्टी ठेवाची!" "दवाखान्यात न्याचं!"

"त्याच्याही पह्यले?"

मुले गोंधळली. ती मागच्या भिंतीकडे, खुर्च्यांकडे, सरळ पाहत होती.

"त्याच्याही पह्यले सांगाचं. घरात जो असंल त्याले सांगाचं. आजा असो, मामंजी असो, साहेब असो. कडी नाही वाजवाची, बांगड्या नाही वाजवाच्या. तोंडानं सांगाचं. कसं?"

"मोठ्यानं!" मुले ओरडली.

"अजून कसं?"

"मोठ्यानं!"

तिने फळ्यावर ते पहिले म्हणून लिहिले आणि मग पुढचा पाठ, पट्टी आणि पाणी आणि पथ्य, शेवटपर्यंत दिला. तिच्या टाचणात हे पहिले कलम नव्हते.

साहेबांनी शेरा तेथेच वाचून दाखवला: भाषा ग्रामीण, ती सुधारावी, आवाज उत्तम. उत्तीर्ण. दवाखान्यात हे सांगितले तेव्हा डॉक्टर हबीब पहिला अर्धा शेरा ऐकून रागावले आणि दुसरा ऐकून उठून उभे राहिले.

चिटणिसांनी मला पायरीवर गाठले. "बाई, ती मला उद्देशून बोलली. सर्वांसमोर."

"तुम्ही घरात होता, साहेब," मी म्हणाले. "जो असेल त्याला सांगायचे होते."

डॉक्टरांची पुढे बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना वरून सूचना होती, की दवाखाना दुखणाईतांसाठी आहे, शाळांच्या भानगडींसाठी नाही. बायकांच्या पडवीत ब्लीचिंग पावडरीची पिंपे रचली गेली आणि बारदानाचा पडदा कोणीतरी घेऊन गेले. मंगळवार मी बंद केला नाही. गोदामाच्या मागच्या ओट्यावर आम्ही बसत असू. डॉक्टर नसले तरी बोलणे होते, आणि डॉक्टरांची गरज पडे तेव्हा मी जाऊन दवाखान्याच्या दारात उभी राही, अडवले तर मोठ्याने बोले. याबद्दल मला दोनदा ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवलेली नाही.

आता आपल्या प्रांतात कॉलेजे वाढत आहेत, विद्यापीठाच्या इमारती उठत आहेत, लांबलांबच्या खेड्यांतून मुलेमुली तेथे जाऊन राहत आहेत. इमारतीच्या कोनशिला बसवणाऱ्या थोरांना एका निवृत्त बाईचे एकच विचारणे आहे. तुमच्या वसतिगृहातून दवाखान्याकडे जाणारी वाट कोठून निघते आणि तिच्यावर दोन्हीकडून माणसे चालतात का? ग्रंथालय आणि प्रयोगशाळा असून मंगळवार नसेल, तर काही मुले तुमच्या मागच्या खुर्चीसमोर मुकी उभी राहतील, आणि तुम्ही त्यांना नापास म्हणाल. हे म्हणणे आगाऊपणाचे वाटले तर वाटू दे.

गोकर्णा जऊळक्याला शिक्षिका आहे. परवा मी त्या बाजूच्या गाडीने गेले होते. स्टेशनावरून शाळा हाकेच्या अंतरावर. दार अर्धे लोटलेले होते, आतून तिचा आवाज येत होता, आता थोडा जाडा, पण काठाशी तसाच उजळ. मला काय सुचले कोण जाणे. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, छाती भरून घेतली आणि यमुनाच्या सासऱ्यासारखी, वंगण नसलेल्या चाकासारखी, खाकरले.

आतला आवाज थांबला नाही. वाक्य पुरे झाले, विरामाशी आले, आणि मग तोच आवाज त्याच सुरात पुढे म्हणाला, "आत या ना, बाई! बाहेर काहून खाकरून राह्यल्या? काय सांगाचं ते तोंडानं सांगा."

आणि सारी मुले, जणू त्यांना हे रोजचेच, एकदम ओरडली, "मोठ्यानं!"